बाबांनी आखलेली शिकार

“पानी कुठी हाय यात?”

बाबा कधी मागे येऊन उभे राहिले, मला कळलंच नाही. जेवणाच्या टेबलावर मी नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर मिठाची डबी आणि उरलेल्या दोन्हींवर माझी कोपरं. बाबा रोज चारला फिरायला निघायचे आणि साडेपाचच्या आत कधी परतायचे नाहीत. त्या रविवारी वाळूचा वारा सुटला म्हणून ते वीस मिनिटांत घरी आले होते.

“कशात?” मी विचारलं.

“या नकाशात. डोंगर दिसते, रस्ता दिसते. पानी नाही दिसत. पानी नाही त जनावर कुठी भेटन तुले?”

नकाशावर मी जनावराचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं. मग बाबांची नजर कुठे आहे ते पाहिलं. मिठाच्या डबीशेजारी शिकारीची नियमपुस्तिका पडली होती आणि तिच्या मुखपृष्ठावर फाटेदार शिंगांचा एक नर मान वर करून उभा होता.

“सांबर हाय का हे?”

“एल्क म्हणतात इकडे. सांबराचा थोरला भाऊ समजा.”

“मंग? याचं काय?”

खरं सांगायला ती वेळ चांगली होती. मी सांगितलं नाही. “जनावरांची प्रगणना आहे बाबा,” मी म्हणालो. “पुढच्या सोमवारपासून चार दिवस. आमच्या खाणीतले लोक जातात दरवर्षी. यंदा मीही नाव दिलंय.”

बाबांचा चेहरा एकदम उजळला. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत मी तो चेहरा असा पाहिला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली, खिशातून चष्मा काढला आणि माझं एक कोपर नकाशावरून बाजूला सारलं.

“सरक,” ते म्हणाले. “मले पाहू दे.”

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा नेवाडात एका सोन्याच्या खाणीत काम करायचो. जमिनीखाली हवा खेळती ठेवायची, हे माझं काम. गाव लहान, चहूबाजूंनी वाळवंट, आणि वाळवंटातून मध्येच उठलेल्या बर्फाच्या डोंगररांगा. तिथे माणसं एकमेकांना भेटली की पाऊसपाण्याचं बोलत नाहीत, कारण पाऊस नसतोच. ती विचारतात, यंदा सोडत लागली का? शिकारीचे परवाने सोडतीनं मिळतात. वसंतात अर्ज करायचा, मे महिन्यात निकाल. त्या परवान्याला टॅग म्हणतात, तो एका ठरावीक विभागापुरताच चालतो, आणि नर एल्कचा टॅग मिळावा म्हणून लोक दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं अर्ज करत राहतात.

माझ्याबरोबर काम करणारा मार्टिन एचेवेरी नऊ वर्षं अर्ज करत होता. त्याचे आजोबा स्पेनच्या डोंगरांतून मेंढ्या राखायला इथे आले होते. शिकार त्याच्या घरात तीन पिढ्यांची. त्या वर्षी त्यानं गंमत म्हणून मलाही अर्ज भरायला लावला. त्याआधी मी बंदुकीचा रीतसर अभ्यासक्रम केला होता, परीक्षा दिली होती, नेमबाजीच्या मैदानावर जायला लागलो होतो. मला ते आवडत होतं, हे खरं कबूल करतो. निकाल लागला तेव्हा मार्टिनला दहाव्यांदा नकार आला आणि टॅग लागला मला. एक दिवस तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, “टॅग तुझा, जागा तू निवड. रायफल माझी, गाडी माझी, स्वयंपाक माझा.” आता मी नाही म्हणालो असतो तर त्यानं मला जन्मभर माफ केलं नसतं.

सगळं ठरलं होतं. फक्त बाबा सप्टेंबरात आमच्याकडे सहा महिन्यांसाठी येणार आणि माझी शिकार ऑक्टोबरात पडणार, हे मी धरलं नव्हतं.

बाबा म्हणजे दौलत भोयर, निवृत्त वनरक्षक, चंद्रपूर जिल्हा. तेहतीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणतीस एकाच बीटात, म्हणजे जंगलाच्या एकाच तुकड्यात. त्यांना बढती मिळाली नाही, कारण ते साहेबांच्या पाहुण्यांनाही सोडत नसत. आणि घरच्यांनाही.

मी सातवीत असताना भाऊबीजेला किसनमामा आमच्या क्वार्टरवर आला होता. आईसाठी लुगडं आणि पळसाच्या पानांत बांधलेलं चितळाचं मटण. आईनं ते चुलीपाशी नेलं. बाबा गस्तीवरून आले, त्यांनी पानं उघडून पाहिलं आणि मामाला शांतपणे विचारलं, “जंगलाच्या कोन्या कंपार्टमेंटातलं?” मामा हसला. त्याला वाटलं, दाजी थट्टा करताहेत. बाबांनी तिथेच ओसरीवर बसून स्वतःच्या हातानं गुन्ह्याचा अहवाल लिहिला. मामाला कैद झाली. आईनं बाबांना कधी बोल लावला नाही, आणि त्यानंतर माहेरी कधी पाय ठेवला नाही. ती गेली तेव्हा तिच्या तेराव्यालाही तिकडचं कोणी आलं नाही.

म्हणून मी प्रगणना म्हणालो. बाबा ओरडतील, रागावतील, याची भीती नव्हती. ते ओरडायचे नाहीतच. ते तिकीट बदलून घेतील, बॅग भरतील आणि पुन्हा माझ्या घरात पाय ठेवणार नाहीत, ही भीती होती. आईमागे माझ्या रक्ताचं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

सोमवारपासून बाबांनी माझी शिकार हातात घेतली.

मी खाणीतून घरी आलो की टेबलावर नकाशा तयार. त्यांनी दुपारभर बसून उंचीच्या रेषा वाचलेल्या. झरे निळ्या पेन्सिलीनं गोल केलेले. एकूण पाच. त्यातले दोन त्यांनी खोडूनही टाकले होते.

“हे दोन का खोडले?”

“सडकेजवळ हाय. दिवसा गाडी जाते थिकडून. जनावर येनार नाही. आन् हा तिसरा झरा, तिन्हीकून उघडा हाय. पानी पिताना त्याले आडोसा पायजे.” त्यांनी चौथ्या झऱ्यावर बोट ठेवलं. “हा चांगला हाय. वर खिंड हाय, खाली झाडं हाय. पन काठावर नोको बसू साहेबलोकांसारखा. पान्यापासून शंभर पावलं वर बस. वारा तुह्या तोंडावर पायजे. संध्याकाळी वारा कुठून येते थिकडे?”

“मार्टिनला विचारतो.”

“विचारजो. आन् कागद कुठी हाय नोंदीचा?”

नोंदीचा कागद कुठून येणार? मी म्हणालो, तो तिकडेच देतात. बाबांना ते पटलं नाही. त्यांनी पट्टीनं रेघा मारून स्वतःच तक्ता तयार केला. वेळ, नर, मादी, पिल्लू, वाऱ्याची दिशा, शेरा. चार दिवसांचे चार तक्ते. जन्मभर बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून जनावरं मोजलेला माणूस तो. त्याचं अक्षर बघून मला लाज वाटायला लागली.

आणि खरं सांगायचं तर लाजेबरोबर आनंदही होत होता. मी स्वतः नकाशावरून काहीच ठरवू शकलो नव्हतो. बाबांनी दोन दिवसांत जागा काढली, बसायचं ठिकाण काढलं, चालत जायची वाट काढली. चोर कुठे बसतात ते तेहतीस वर्षं शोधणाऱ्या माणसाइतका चांगला वाटाड्या मला अख्ख्या नेवाडात मिळाला नसता.

“सांगून टाका ना,” प्रणिता म्हणाली. आम्ही स्वयंपाकघरात होतो आणि बाबा बाहेर टेबलाशी गुणगुणत होते. माझी बायको नागपूरची, तिच्या घरी असले कडक लोक कोणी नाहीत. “दोन दिवस रागावतील, मग होतील शांत.”

“तू किसनमामाला पाहिलं नाहीस.”

“तुम्ही तरी नंतर कुठे पाहिलंत? लग्नातसुद्धा बोलावलं नाही त्यांना. म्हणजे असंच चालणार का तुमच्या घरात? कोणी काही बोलायचंच नाही?”

मी म्हणालो, शिकार झाल्यावर सांगतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आलो.

बुधवारी संध्याकाळी मार्टिन आला. त्याला मी माझ्या खोट्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. कसं सांगणार? वडिलांना घाबरतो म्हणून? आम्ही दोघं चाळिशीला आलो होतो. मला वाटलं, मध्ये मी आहे, मी सांभाळून घेईन. बाबांना मोडकंतोडकं इंग्रजी वाचता येत होतं, पण मार्टिनचं बोलणं मलासुद्धा कळायला वर्ष लागलं होतं.

मार्टिननं नकाशा पाहिला आणि शीळ घातली. “ही जागा कोणी काढली?”

“बाबांनी.”

“त्यांना सांग, वीस वर्षांत मी इतकी चांगली जागा काढलेली नाही.”

हे मी जसंच्या तसं सांगितलं. बाबा खूश झाले. म्हणाले, “त्याले विचार, मांगच्या खेपेले किती दिसले?”

मी विचारलं. मार्टिन खुर्चीत मागे रेलला. “माझ्या भावाच्या टॅगवर गेलो होतो गेल्या वर्षी,” तो म्हणाला. “दिसले चौदा. मारला एक. सहा फाट्यांचा.” त्यानं हवेत रायफल धरली, एक डोळा मिटला. “अजून थोडा आहे फ्रीझरमध्ये. तुमच्यासाठी आणतो.”

“चौदा दिसले म्हणतो,” मी बाबांना सांगितलं. “एक सहा फाट्यांचा होता.”

“आन् फ्रीझरचं काय म्हनला?”

“थंडी फार असते म्हणतो. वर अगदी फ्रीझर.”

“मंग हात असा काऊन केला त्यानं?”

“दुर्बीण. दुर्बिणीतून पाहिले म्हणतो.”

“काय म्हणताहेत?” मार्टिननं विचारलं. मी म्हणालो, थंडीची काळजी करताहेत. मार्टिन भला माणूस. उठला, बाहेर गेला आणि गाडीतून स्वतःचं जाड जाकीट आणून त्यानं बाबांच्या खांद्यांवर घातलं. बाबा त्या जाकिटात पार बुडाले. मला तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

जाता जाता दारातून मार्टिन म्हणाला, “हां, रायफल गॅरेजमध्ये ठेवलीय.”

रायफल या शब्दाचं मी काय भाषांतर करणार? तो दोन्हीकडे एकच.

दार लागलं. बाबांनी जाकीट काढून नीट घडी केली. “रायफल कायले?”

“वर पहाडी सिंह असतात बाबा. कधी अंगावर आला तर.”

“आमच्याकडे वाघ होता,” बाबा म्हणाले. “आमी काठी घेऊन बसत होतो.”

एवढंच. जाकीट खुर्चीवर ठेवून ते आपल्या खोलीत गेले. जाताना टेबलावरची नियमपुस्तिका घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून घरातलं गुणगुणणं थांबलं. नकाशा गुंडाळून कोपऱ्यात उभा. मी कामावरून आलो तर बाबांचं दार लोटलेलं, आणि फटीतून दिसायचं की ते पलंगावर बसून नियमपुस्तिका वाचताहेत. मांडीवर इकडे येण्यासाठी चंद्रपूरहून विकत घेतलेला छोटा शब्दकोश. एक शब्द वाचायचा, शब्दकोशात बघायचा, समासात पेन्सिलीनं मराठी लिहायचं. जेवायला यायचे, अर्धी पोळी मोडायचे आणि उठायचे. वाऱ्याची चौकशी नाही, झऱ्याचं नाव नाही. मी ‘बरं वाटतंय ना?’ विचारलं तर ‘वाटते’ म्हणायचे.

“त्यांना कळलंय,” प्रणिता म्हणाली.

“कळलं असतं तर बोलले असते.”

“तुमच्या घरात?” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आज दुपारी मला विचारत होते, इथल्या सरकारी ऑफिसात फोन लावायचा तर आधी कोणता आकडा दाबायचा. मी विचारलं, कुठे लावायचाय? तर म्हणाले, असंच.”

तिला त्याचा अर्थ कळला नसेल, मला कळला. त्यांना विमान कंपनीला फोन लावायचा होता. सरकारी काय आणि कंपनी काय, बाबांना सगळी ऑफिसं सारखीच. ते तिकीट बदलणार होते. मी शुक्रवारी खाणीत दिवसभर चुका केल्या. एक पंखा उलटा चालवला, आणि ज्या बोगद्यात हवा जायला हवी तिथून ती ओढून घेतली गेली. सुदैवानं आत कोणी नव्हतं. मुकादमानं मला घरी पाठवलं.

शेवटी मी ठरवलं. शनिवारी सकाळी चहा झाला की सगळं सांगायचं. टॅग परत करायचा असेल तर करू, मार्टिन रागावला तर रागावू दे.

शनिवारी सकाळी मी बाहेर आलो तर बाबा माझ्या आधी टेबलाशी बसलेले होते. आंघोळ झालेली, केस विंचरलेले, अंगात खाकी बिनबाह्यांचा स्वेटर. समोर नकाशा, नियमपुस्तिका आणि टेलिफोन. टेलिफोन त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरून वायरसकट ओढून टेबलापर्यंत आणला होता.

“बस,” ते म्हणाले.

मी बसलो.

“परवाना हाय का?”

तोंडातून ‘कशाचा’ निघणार होतं. त्यांच्याकडे पाहिलं आणि नाही निघालं.

“आहे.”

“तुह्या नावाचा?”

“माझ्या नावाचा.”

“घेऊन ये.”

मी अक्षरशः पळालो. कपाटाच्या खणातून टॅग काढून आणला. बाबांनी चष्मा स्वेटरला पुसला आणि वाचायला लागले. नाव वाचलं. माझं गाडीचं लायसन्स मागून घेतलं आणि त्यावरचं नाव लावून बघितलं. तारखा बोटांवर मोजल्या. जनावर, नर. शस्त्र कोणतं लिहिलंय ते पुस्तिकेतल्या पानाशी ताडून पाहिलं. विभागाचा क्रमांक दोनदा वाचला. शिक्का कुठे आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, इकडे शिक्का नसतो, हा क्रमांकच शिक्का. मग त्यांनी तो क्रमांकही एकेक आकडा मोठ्यानं वाचला. एवढा वेळ लागला की प्रणिता दोनदा दारातून डोकावून गेली.

शेवटी त्यांनी टॅग टेबलावर ठेवला, त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. त्यांचे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर चढलेले होते, हे मला ते खाली आल्यावर कळलं.

“प्रणिता,” त्यांनी हाक मारली, “कालची पोळी हाय का वं एखादी?”

तिनं पोळ्या गरम करून आणल्या. बाबांनी चहात बुडवून तीन खाल्ल्या. आम्ही दोघं बघत राहिलो.

“बाबा, मी खोटं बोललो,” मी म्हणालो.

“बोलला.”

“मला वाटलं, तुम्ही निघून जाल.”

“मी कुठी जातो? मले काय वाटलं थे आइक.” त्यांनी तोंड पुसलं. “रायफल हाय. म्हंजे मोजनी नाही, शिकार हाय. आता पोरगा बापापासून लपवते. काऊन लपवते? कागद असन त लपवाचं कारन नाही. म्हंजे कागद नाही. तीन दिवस मी हेच धरून बसलो. पोरगा चोर हाय.”

“पण शिकारच तुम्हाला…”

“मले नाही आवडत. आवडनारच नाही. मी संगं येनार नाही, मले पाहवनार नाही. पन मले आवडते का नाही, हे कोन्या पुस्तकात लिवलं हाय?” त्यांनी नियमपुस्तिकेवर बोट आपटलं. “किसनले मी तीनदा विचारलं होतं. कागद हाय का? तो म्हने भाऊबीज हाय. भाऊबीज म्हंजे कागद हाय का? जंगल सरकारचं हाय. तिथलं सरकार म्हने नोको मारू, त मी नाही मारू देल्लं. इथलं म्हनते मार, एक मार, नर मार, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत मार. आता मी कोन? तू चोर नाही.”

मला हसू यायला लागलं. किती दिवसांनी.

“हासू नोको,” बाबा म्हणाले. “चोर व्हनार होता.”

त्यांनी नकाशा उलगडला. झऱ्याच्या अलीकडून एक लाल रेघ मारलेली होती, नवी, बारीक, डोंगराच्या धारेवरून वळणावळणानं गेलेली.

“तू हद्द कोनती धरली होती?”

“हा रस्ता.” मी दाखवला. पुस्तिकेत हद्द रस्त्यानं जाते असं लिहिलं होतं, मी वाचलं होतं.

“पुरं नाही वाचलं. रस्त्यानं जाते थे या फाट्यापर्यंत. फाट्यापासून पुढे धारेनं जाते. पाय, लिवलं हाय.” त्यांनी पान उघडलं. समासात त्यांच्या अक्षरात मराठी होतं: ‘रिज म्हणजे डोंगराची धार.’ “हा झरा धारेच्या त्या अंगाले हाय. दुसऱ्या विभागात. जागा मीच काढली होती, मी मोजनीसाठी काढली. मोजनीले हद्द नसते. तू तिथं बसून गोळी मारली असती त कागद खिशात असून चोर झाला असता.”

मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते बरोबर होते. मार्टिननंही जागा बघितली होती, त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. तो झऱ्यावर खूश झाला आणि मी बाबांवर. दंड, रायफल जप्त, आणि बाबांसमोर मला घेऊन जाणारी गाडी. एकोणतीस वर्षं आपल्या बीटाची हद्द पायी फिरलेल्या माणसाशिवाय ते पान कोणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं नसतं.

“आता हा पाचवा झरा धर,” बाबा म्हणाले. “लहान हाय, पन धारेच्या तुह्या अंगाले हाय. आन् एक आइक. मारशीन त एका गोळीत मारजो. येत नसन त नोको मारू. घायाळ जनावर मांगं टाकून आला त या घरात माहं तोंड पाहू नोको.”

“टाकून नाही येणार.”

“बस्स मंग.”

मी टेलिफोन उचलून पुन्हा भिंतीवर लावायला निघालो. तेव्हा एकदम आठवलं. “बाबा, फोन कुठे लावणार होतात? विमान कंपनीला?”

“विमानवाल्यांले कायले?” बाबांनी खिशात हात घातला आणि घडी केलेला एक कागद काढला. “तू लपवलं. मी लपवत नाही. वाच. इंग्रजी बरोबर हाय का पाय, तीन दिवस लागले.”

वर एक टेलिफोन नंबर होता. नियमपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर चोरट्या शिकारीची खबर द्यायला जो नंबर छापलेला असतो, तो. त्याखाली मोठ्या, सुट्या इंग्रजी अक्षरांत फोनवर म्हणायची वाक्यं लिहिली होती. दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेली. मराठीत ती अशी होतील:

‘साहेब, मी दौलत भोयर, निवृत्त वनरक्षक, भारत. एक माणूस परवान्याशिवाय शिकारीला निघाला आहे. तो माझा मुलगा आहे. तो पळून जाणार नाही. तुमची माणसं येईपर्यंत मी त्याच्याजवळ बसून राहतो.’

“केव्हा लावणार होतात?” मी विचारलं.

“आज. तू नाही म्हनला असता त आत्ताच.”

मी आधी हसलो आणि मग रडलो, आणि प्रणिता आतून धावत आली तेव्हा दोन्ही एकदम चाललं होतं. तीन दिवस मी भीत होतो की बाबा मला टाकून जातील. आणि बाबा त्या खोलीत बसून, एकेक शब्द शोधत, माझ्याजवळ बसून राहायचं इंग्रजी तयार करत होते. मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही.

“इंग्रजी?” बाबांनी विचारलं.

“बरोबर आहे बाबा. सगळं बरोबर आहे.” मी कागद हातात धरला. “फाडू?”

“फाडतं काऊन? मांगून कोरा हाय.”

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला, टेबलावर हातानं सपाट केला आणि पेन्सिल उचलली.

“किती दिवस म्हनला?”

“चार.”

“मानसं?”

“दोन. मी आणि मार्टिन.”

बाबांनी वर सामानाची यादी असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“तो मार्टिन पोळी खाते का?”